पुढचा स्कॅन कधी?

(पुण्यात नवी पेठेत, मेलॅनोमाचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बऱ्याच जणांच्या मांडीवर फायली दिसतायत. आधीच सांगते, आज मी एकही उघडणार नाही. पण तुम्ही स्वतः त्यातला एक कागद शोधून ठेवा: पहिल्या ऑपरेशननंतर आलेला बायप्सीचा रिपोर्ट. पुढचा स्कॅन कधी करायचा, याचं निम्मं उत्तर त्या कागदावर असतं. आणि तोच नेमका फाइलच्या तळाशी गेलेला असतो, कारण वर स्कॅनचे भलेमोठे लिफाफे येऊन बसतात.

त्या कागदावर पहिल्यांदा बघायची ती जाडी. वॉशिंग्टनमधल्या अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० साली दाखवून दिलं की मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर, कातडीत किती मिलिमीटर खोल उतरलाय, यावरून आजाराचा पुढचा प्रवास बराचसा सांगता येतो. अजूनही ते माप त्याच्याच नावाने चालतं. दुसरी गोष्ट, वरची कातडी फुटून व्रण झाला होता का. तिसरी, जांघेतल्या किंवा काखेतल्या सेंटिनेल नोडमध्ये, म्हणजे आजार सर्वांत आधी जिथे पोचेल त्या लसिकागाठीत (लिम्फ नोडमध्ये), काही सापडलं का. या तिन्हींवरून स्टेज ठरते.

आता आकडे. कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटीच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीनुसार, म्हणजे २०१८पासून आपण सगळे जी वापरतो तिच्यानुसार, स्टेज १ए असलेल्या शंभरातली ९९ माणसं पाच वर्षांनी या आजारातून वाचलेली असतात. २बीमध्ये ८७, २सीमध्ये ८२. तिसऱ्या स्टेजच्या आत मात्र केवढा फरक आहे बघा: ३एला ९३ आणि ३डीला ३२. म्हणजे ३ए हा २सीपेक्षा बरा! 'तिसरी स्टेज' एवढंच ऐकून घरी रडारड होते, म्हणून अक्षरासकट विचारा. हे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांचे आहेत, आणि तळपायाचा मेलॅनोमा त्याच स्टेजला थोडा जास्त वाईट वागतो, हेही लपवत नाही.

आता वेळापत्रक. १ए, १बी, २ए या टप्प्यांत काही त्रास नसेल, तर नेमाने स्कॅन करायची गरज नाही. 'सहा महिन्यांनी एकदा' नाही, 'वर्षातून एकदा मनाच्या समाधानासाठी' पण नाही. सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांनी अंगभर कातडी बघायची, गाठी चाचपायच्या. सेंटिनेल नोड तपासायला हवा होता आणि तपासला गेला नाही, तर गाठींची सोनोग्राफी. बस.

२बीपासून पुढे चित्र बदलतं. एनसीसीएन या अमेरिकन संस्थेच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की पहिली दोन वर्षं दर ३ ते १२ महिन्यांनी, पुढची तीन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन करण्याचा विचार करावा. '३ ते १२' ही शब्दयोजना नीट ऐका. तीन महिने आणि बारा महिने म्हणजे वर्षाला चार स्कॅन की एक? जाणकारांनी एवढा मोठा पल्ला ठेवलाय, याचा अर्थ चारातून एकापेक्षा जास्त फायदा होतो असा भक्कम पुरावा कुणाच्याच हाती नाही. तेव्हा कुणी तुम्हाला 'दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन झालाच पाहिजे' असं ठणकावून सांगितलं, तर 'का?' म्हणून जरूर विचारा. ब्रिटनमध्ये जोखमीच्या रुग्णांना साधारण पहिली तीन वर्षं सहा महिन्यांनी आणि मग दोन वर्षं वर्षातून एकदा सीटी करतात. मला स्वतःला हा हिशोब जास्त पटतो. ३सी, ३डी असेल तर पहिल्या दोन वर्षांत मी तीन-चार महिन्यांवर येते आणि त्यात मेंदूचा एमआरआय घालते. चौथी स्टेज, औषध चालू आहे, तर गोष्टच वेगळी. तिथे औषध लागू पडतंय का हे बघायला सुरुवातीला आठ-बारा आठवड्यांनी स्कॅन होतो, आणि तो लागतोच.

पहिली दोन-तीन वर्षंच का? कारण परत येणारा आजार बहुतेक वेळा तेवढ्यातच परत येतो. जितका जाड मेलॅनोमा, तितकी घाई. पाच वर्षांनंतर नेमाचे स्कॅन थांबवायचे. दहा वर्षांनी परत आलेला मेलॅनोमा मीही पाहिलाय, पण तेवढ्यासाठी सगळ्यांना दहा वर्षं बोगद्यात घालणं शहाणपणाचं नाही.

आता जरा मागे जाते, कारण हा प्रश्न पंधरा-वीस वर्षांपूर्वी विचारण्यात फारसा अर्थच नव्हता. तेव्हा मेलॅनोमा फुप्फुसात किंवा यकृतात पोचला की आमच्याकडे डाकार्बाझीन हे केमोथेरपीचं औषध होतं, आणि बहुतेकांचा हिशोब महिन्यांत चालायचा. स्कॅनवर दोन महिने आधी सापडलं, तर रुग्णाला काय मिळालं? दोन महिने जास्त काळजी. आयुष्य वाढलं नाही, फक्त आजाराची बातमी आधी कळली. आणि कागदावर मात्र 'सापडल्यापासून इतके महिने जगला' हा आकडा फुगलेला दिसायचा. या फसव्या आकड्याने डॉक्टरसुद्धा फसतात.

२०११ साली इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं, औषध आलं, २०१४ साली पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशोब २०२४मध्ये आला: पसरलेला मेलॅनोमा असूनही शंभरातले ४३ जिवंत. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना हा आकडा दोनदा वाचावा लागला. आणि ही औषधं आजाराचा बोजा कमी असताना जास्त चांगलं काम करतात. मेंदूचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. मेंदूत गाठी आहेत पण लक्षणं नाहीत, अशा रुग्णांमध्ये याच दोन औषधांच्या जोडीने निम्म्याहून जास्त जणांना फायदा झाला. डोकं दुखणं, फिट येणं सुरू झाल्यावर तीच औषधं दिली, तर पाचातल्या एखाद्यालाच. म्हणून जास्त जोखमीच्या रुग्णाचा स्कॅन आज खरंच काहीतरी बदलतो. पण खिशाला औषध परवडणार आहे का, हा विषयही घरात आधीच बोलून घ्या. इम्युनोथेरपीचा खर्च लाखांच्या घरात जातो. उपचार घ्यायचेच नाहीत असं पेशंटनं विचारपूर्वक ठरवलं असेल, तर दर सहा महिन्यांनी स्कॅन करून आपण नक्की काय शोधतोय?

कमी जोखमीच्या लोकांना मी स्कॅन का नाकारते, तेही सांगते. पैसे वाचवायला म्हणून नव्हे. जिथे आजार परतण्याची शक्यता शंभरात एक-दोन आहे, तिथे स्कॅनवर काही दिसलं तर ते मेलॅनोमा नसण्याचीच शक्यता जास्त. आणि आपण पुण्यात राहतो, मेलबर्नमध्ये नाही. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं एक किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ज्या पेशी जास्त साखर खातात त्या चमकतात. कॅन्सर चमकतो, तसा टीबीही चमकतो. आपल्याकडे कित्येकांच्या छातीत जुन्या टीबीच्या, कधी कळलाही नसलेल्या टीबीच्या गाठी असतात. लस घेतली की काखेतल्या गाठी चमकतात. २०२१ साली कोविडच्या लशीनंतर हा घोळ सगळ्या स्कॅन सेंटरांनी पाहिला. इम्युनोथेरपी चालू असेल तर औषधामुळेच छातीतल्या गाठी सुजू शकतात. मग सुरू होतो फेरा: रिपोर्टवर 'शंकास्पद', मग बायप्सी, मग पंधरा दिवस घरात कुणी जेवत नाही, आणि शेवटी काही नाही. स्कॅनच्या तारखेआधी आठवडाभर झोप उडते ती वेगळीच. ती उडायची तर निदान कारणाने उडावी.

किरणांबद्दल भीतीही नको आणि बेफिकिरीही नको. निसर्गातून आपल्याला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) मिळतात. छाती आणि पोटाच्या एका सीटीमध्ये साधारण १० ते २०. पेट-सीटीत बऱ्याचदा त्याहून थोडे जास्त. सत्तरीतल्या ३सीच्या रुग्णाला याची चिंता करायचं कारण नाही. पण तीस वर्षांची मुलगी, स्टेज १बी, आणि दर सहा महिन्यांनी पेट? तिला मी ठाम नाही म्हणते. एमआरआय आणि सोनोग्राफीत हे किरण नसतातच.

आता आपल्या पायांकडे वळू, कारण आपल्याकडचा मेलॅनोमा फार वेळा तिथेच असतो. गोऱ्या लोकांना तो उन्हामुळे पाठीवर, पोटरीवर होतो. आपल्याला तळपायाला, तळहाताला, अंगठ्याच्या नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. बॉब मार्लेला अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता. फुटबॉल लागला असेल असं आधी वाटलं, आणि १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी तो गेला. इंदापूर-जुन्नरकडचे शेतकरी येतात, कुरूप समजून वर्षभर ब्लेडने तासलेलं असतं. नखुरडं म्हणून हळद लावलेली असते. आषाढात वारी चालून आलं की पायाला काही ना काही झालेलं असतंच, त्यात हाही दडून जातो.

म्हणून पायाच्या रुग्णांनी एक गोष्ट लिहूनच घ्या. नेहमीचा पेट-सीटी कवटीच्या बुडापासून मांडीच्या मध्यापर्यंतच काढतात. म्हणजे ज्या पायाला आजार होता तो पाय फोटोतच नाही! तळपाय ते जांघ या वाटेवर कातडीखाली बारीक बारीक गाठी येणं हीच तर या आजाराची खोड. चिठ्ठीवर 'डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सेंटरवर गेल्यावर पुन्हा सांगा. तसंच, मेंदू मुळातच भरपूर साखर खातो, त्यामुळे पेटमध्ये तो सगळाच चमकतो आणि त्यातली छोटी गाठ दिसत नाही. पेट नॉर्मल म्हणजे मेंदू नॉर्मल, असं समजू नका, त्यासाठी एमआरआय. फुप्फुसातले अगदी बारीक ठिपकेही पेटपेक्षा साध्या छातीच्या सीटीत चांगले दिसतात. आणि हो, स्कॅनच्या आदल्या दिवशी पर्वती चढायला जाऊ नका. दमलेले स्नायूही चमकतात. डायबेटिस असलेल्यांनी गोळ्या-इन्शुलिनचं आधी विचारून घ्या, साखर चढलेली असली तर स्कॅन रद्द करावा लागतो.

परत आलेला आजार सापडतो तरी कुणाला? तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांचा न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला, २०१०मध्ये छापला गेला. जवळजवळ निम्म्या वेळा तो रुग्णाला किंवा घरच्यांना आधी सापडला होता. स्कॅनला साधारण तिसरा हिस्सा, डॉक्टरांना त्याहूनही कमी. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये १बी ते २सीच्या रुग्णांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी करून पाहिल्या, तरी नुकसान झालं नाही. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसा. ऑपरेशनचा व्रण, त्याच्या आजूबाजूची चार बोटं जागा, पुढे जांघेपर्यंतची वाट बोटांनी चाचपा. तळवा स्वतःला दिसत नसेल तर सुनेला सांगा, नातवाला सांगा, मोबाइलवर फोटो काढा. जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आली आणि पायाला जखम नाही, दोन-तीन आठवड्यांत उतरत नाही, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. तेव्हा केलेला स्कॅन हा कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही आणि तोच सगळ्यात उपयोगाचा असतो.

आता प्रश्न घेऊ.

(मागून एका गृहस्थांनी विचारलं की जांघेतल्या एका गाठीत आजार निघाला, तरी डॉक्टरांनी बाकीच्या गाठी काढल्या नाहीत, हे बरोबर आहे का.)

काका, बरोबर आहे. पूर्वी आम्ही सगळ्या काढायचो आणि पाय जन्मभर सुजायचा. २०१७ साली १,९०० हून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापला गेला. सगळ्या गाठी काढून माणसं जास्त जगली नाहीत. पण त्यात ज्यांच्या गाठी ठेवल्या, त्यांची सोनोग्राफी पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी होत होती, मग पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी. ऑपरेशन टाळलंत ना, मग सोनोग्राफी टाळायची नाही. सौदा असा आहे.

(एका ताईंचा प्रश्न: आईला डोळ्यातला मेलॅनोमा आहे, तिलाही हेच लागू का?)

नाही, आणि बरं झालं विचारलंत. डोळ्याच्या आतला मेलॅनोमा हा नावाने सख्खा, वागायला परका. तो बहुतेक वेळा यकृतात जातो, आणि कित्येक वर्षांनीही जातो. तिथे गाठींची सोनोग्राफी करून काही हाती लागत नाही. यकृताचा एमआरआय किंवा सोनोग्राफी, जोखमीनुसार साधारण सहा-सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षांनी तो आपोआप बंदही करत नाहीत. गाठीचा जनुकीय तपास झाला असेल तर तो रिपोर्ट घेऊन जा, त्यावरून जोखीम ठरते. झाला नसेल आणि डोळा काढला असेल, तर जिथे ऑपरेशन झालं तिथे गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, जपून ठेवलाय का, हे उद्याच फोन करून विचारा.