रात्रशाळेतली इंग्रजी

[दृश्य : एलिस बेटावरच्या रांगा. कृष्णधवल छायाचित्रे.]

1907. या एका वर्षात न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून दहा लाखांहून जास्त माणसं अमेरिकेत उतरली. इटालियन, पोलिश, रशियातून निघालेले ज्यू. आदल्याच वर्षी कायदा झाला होता : नागरिकत्व हवं असेल तर इंग्रजी बोलता आलं पाहिजे.

शिकायचं कधी? दिवस कारखान्यात जायचा, हातात उरायची रात्र. सरकारी शाळांत संध्याकाळचे वर्ग भरत, तेही विनाशुल्क. सुरुवातीला गर्दी होई, मग बाकं रिकामी पडत. लोकांना शिकायचंच नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. हा आरोप अन्यायाचा होता.

[दृश्य : लहान बाकांवर दाटीवाटीने बसलेले प्रौढ.]

बाकं मुलांच्या मापाची. शिक्षक बहुधा दिवसा मुलांना शिकवून आलेले, पुस्तकंही मुलांचीच. दहा तास राबून आलेल्या माणसाला मांजर आणि चेंडूवरची वाक्यं वाचावी लागत. शिवणकामाच्या धंद्यात हंगाम आला की रात्रीपर्यंत जादा काम. तेवढ्यात धडे पुढे निघून जात. मागे पडलेला माणूस पुन्हा वर्गात येणं अवघड होतं.

वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेच्या पीटर रॉबर्ट्स यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांचे धडे माणसाच्या दिवसातून घेतलेले होते : दहा घरातले, दहा कारखान्यातले, दहा व्यवहारातले. पहिला धडा सकाळी उठण्याचा. जागा होतो, डोळे उघडतो, घड्याळ बघतो... एका वाक्यात एकच क्रिया, आणि क्रिया घडतात त्याच क्रमाने. शिक्षक ती करून दाखवत बोलायचा, वर्ग मागोमाग म्हणायचा. छापील कागद त्यानंतर. मग त्याच वाक्यांचं लेखन, आणि व्याकरणही त्यांतूनच. आधी कान, मग डोळे, हा क्रम फार मोलाचा होता. ‘नाइफ’च्या स्पेलिंगमधला मुका ‘के’ आधी दिसला, की तो उच्चारात घुसतो आणि मग निघता निघत नाही.

1914 मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्याने हीच पद्धत उचलली. इंग्रजी न येणाऱ्या कामगारांना वर्ग सक्तीचा. पाळीच्या आधी किंवा नंतर, स्वतःच्या वेळात. शिकवायला कारखान्यातलेच स्वयंसेवक.

मात्र वाक्यं कोण निवडतो, याला फार महत्त्व होतं. 1912 च्या सुमारास शेतीची यंत्रं बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा धडा सुरू होई तो असा : ‘मला भोंगा ऐकू येतो. मला घाई केली पाहिजे.’ त्याच काळात विमेन्स ट्रेड युनियन लीग या कामगार स्त्रियांच्या संघटनेच्या धड्यांत मुली कामाचे तास, पगार आणि युनियन याबद्दल बोलायला शिकत होत्या. इंग्रजी दोन्हीकडे तीच. पण एकीकडे हुकूम पाळण्यापुरती, दुसरीकडे हक्क मागण्याइतकी.

[दृश्य : सिटी कॉलेजच्या दगडी इमारती.]

न्यूयॉर्कमध्ये पुढचं शिक्षणही फीवाचून शक्य होतं. मुलांसाठी सिटी कॉलेज, मुलींसाठी नॉर्मल कॉलेज, म्हणजे पुढचं हंटर कॉलेज. कूपर युनियन या शिक्षणसंस्थेत तर 1859 पासून रात्रीचे मोफत वर्ग होते. अडचण होती ती बुडणाऱ्या मजुरीची. कॉलेजपर्यंत पोचायला आधी हायस्कूल पुरं करावं लागे, आणि तेवढी वर्षं त्या मुलाचा पगार घरात येत नसे. न्यूयॉर्कमध्ये चौदाव्या वर्षी कामाचा परवाना मिळे. अनेक घरांत तो थोरल्या मुलीसाठी काढला जाई, आणि तिच्या पगारावर धाकटा भाऊ शिकत राही.