गवताचा झुबका आणि वाळूची टेकडी

नमस्कार, श्रोतेहो. किनाऱ्यावर आधी वाळूची टेकडी तयार होते आणि मग तिच्यावर गवत उगवते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गवत आधी येते आणि टेकडी त्याच्याभोवती वाढते. गवत आधी, टेकडी नंतर, एवढे ध्यानात असू द्यावे.

काही वर्षांपूर्वी एका पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वर, मी वाळूने काठोकाठ भरलेली लोखंडी बादली ठेवली आणि दहा पावलांवर साधारण तेवढ्याच उंचीचा गवताचा एक झुबका हेरून ठेवला. भक्कम बादलीच अधिक वाळू अडवणार, अशी माझी खात्री होती. आठ दिवस समुद्राकडून जोराचा वारा वाहिला. मी परत गेलो, तेव्हा बादलीच्या वाऱ्याकडच्या अंगाला अर्धगोल खळगा पडून ती त्यात कलली होती आणि तिच्यामागे वाळूचे जेमतेम बोटभर जाडीचे शेपूट उरले होते. झुबका मात्र अर्धा बुजला होता आणि त्याच्याभोवती वीतभर उंचीचा उंचवटा तयार झाला होता. मी पालथा पडून पाहिले: वाळूचे कण टुणटुण उड्या मारत येत होते, पात्यांवर आपटत होते आणि तिथेच खाली पडत होते. झुबक्यात हात घातला, तर तळव्याला वारा जवळजवळ लागत नव्हता. बादलीला धडकलेला वारा खाली वळून तिचा पायथा उकरतो. झुबक्यातून जाताना मात्र तो गाळला जातो, मंदावतो आणि वाळू टाकून देतो. महिन्याने मी एका बाजूने हाताने उकरले, तेव्हा नव्याने बुजलेल्या पेरांना पांढरीशुभ्र मुळे फुटलेली होती आणि वर नवी पाती आली होती.

कण उड्या मारत पुढे सरकतात, हे ब्रिटिश लष्करी अभियंते राल्फ बॅग्नॉल्ड यांनी 1930च्या दशकात वातबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, तपासून मांडले. युरोपातले मारम गवत वर्षाला सुमारे 1 मीटरपर्यंत वाळू अंगावर घेऊन वाढते आणि वाळू येणे थांबले की खंगते. टेकडीचा आकारही वनस्पतीच ठरवते: उभ्या, दाट गवताने ती उंच होते, तर मर्यादवेलीसारख्या पसरणाऱ्या वेलीने बुटकी आणि रुंद. आकार वनस्पतीचा, माल वाळूचा.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. वाहून येऊन ओळीने साचलेले समुद्रशैवाल कचरा समजून यंत्राने ओरबाडून काढले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्याच ओळीत बिया अडकतात, त्यांना खत मिळते आणि पहिला झुबका तिथेच रुजतो.

पुढच्या वर्षी मी बादली उचलली, तेव्हा तिचा खळगा संध्याकाळपर्यंत भरून गेला. झुबक्याचा उंचवटा गुडघ्याच्या वर पोहोचला होता आणि शेजारच्या दोन झुबक्यांचे उंचवटे त्याला येऊन मिळाले होते.