रायगड पाण्याच्या वाटेने

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘रायगडाची जलव्यवस्था’. तरी सभागृह भरलंय, म्हणजे निम्म्या लोकांनी ‘रायगड’ एवढंच वाचलेलं दिसतंय. हरकत नाही. रायगडावर कोण कोण जाऊन आलंय, हे मी विचारत नाही. पण कुशावर्त तलाव कोणी पाहिलाय? हात वर करा. चार. त्यातले दोघे आमच्याच ग्रुपमधले, ते धरायचे नाहीत.

माझं दुखणं हेच आहे. आपण पायऱ्यांनी नाहीतर रोपवेने वर जातो. राणीवसा, राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी. टकमक टोकावर फोटो, मग पिठलं-भाकरी, आणि खाली. मध्ये गंगासागराच्या काठावर उभं राहून पाणी पितो, तेही बाटलीतलं.

मागे एका सहलीबरोबर गेलो होतो. बाजारपेठेत गाइड रंगात आला. दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा, जोती उंच. घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती उंच, असं तो सांगत होता. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “अरे बाबा, पण घोड्यावरून भाजी निवडायची कशी?” सगळे हसले, गाइडही हसला, आणि पुन्हा घोड्यावर बसला. कोकणातल्या पावसात जोतं उंच बांधतात, हे महाडचं शेंबडं पोरही सांगेल. मी त्याला विचारलं, एवढ्या माणसांना पाणी कुठून यायचं? म्हणाला, “महाराजांची कृपा, साहेब.” महाराजांच्या कृपेबद्दल मला शंका नाही हो. पण ती कृपा छिन्नी-हातोड्यानं कातळात खोदलेली आहे, ती दाखव ना! तोवर गाडी हिरकणीवर गेली. हिरकणी सुरू झाली की मध्ये बोलायचं नसतं. बायकांच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्या पाण्याकडे कुणाचं लक्ष नाही.

बरं, हत्तींचं घ्या. १६७४च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून गडावर आला. राज्याभिषेकाच्या वेळी दाराशी हत्ती उभे पाहून तो चक्रावला. हे इथे कुठल्या वाटेने आणले, त्याला उमगेना. साडेतीनशे वर्षं आपण त्या इंग्रजाचंच कोडं सोडवत बसलोय. लहान पिल्लं असताना आणले, असं सांगतात. असेलही. पण माझी हयात पाणीपुरवठ्यात गेली, मला दुसरीच काळजी लागते. हत्ती वर चढवायचा एकदाच, पाणी पाजायचं रोज! मोठा हत्ती दिवसाला दीडशे लिटर सहज पितो, आंघोळ वेगळी. आणि दिवस कुठले? वैशाख-ज्येष्ठ. पाऊस जाऊन सात-आठ महिने झालेले, तलाव वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीला. त्याच दिवसांत गडावर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी: ब्राह्मण, सरदार, वकील, पालखीचे भोई, घोडे. आजची नगरपालिका असती तर मुहूर्त पुढे ढकलण्याबद्दल पत्र आलं असतं.

आता जगदीश्वराच्या देवळात या. पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर हिराजी इटळकर’ हा लेख सगळ्यांना पाठ आहे, टी-शर्टवरसुद्धा मिळतो. पण तिथेच भिंतीत संस्कृत शिलालेख आहे, शके १५९६चा, तो कोणी वाचत नाही. गड बांधणाऱ्या या हिराजीनं गडावर काय काय आहे त्याची यादी त्यात दिलीय. यादीची सुरुवात काय? वापी, कूप, तडाग. विहिरी आणि तलाव. मग वन, रस्ते, स्तंभ. मग हत्तीखाने. आणि त्यानंतर राजाचे वाडे. बांधणाऱ्यानं स्वतः लिहिलेला क्रम आहे हा. मी तर म्हणतो, तीच गड पाहण्याची...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, विषय तर आता सुरू होतोय! असो, पळतो.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. अखंड असेल तिथे पाणी धरतो, भेग असेल तिथे सोडतो. त्यामुळे तलाव खोदताना दगडाची पारख हवी. हत्ती तलाव वर्षानुवर्षं गळका होता, अलीकडे गळती काढली तेव्हा भरला. गंगासागर खोदताना निघालेला दगड राजवाड्याच्या बांधकामाला वापरला, असं सांगतात. म्हणजे खाण तीच, तलाव तोच, आणि डोक्यावरून दगड वाहायचं अंतर हाकेचं. मला तरी हे पटतं.

दुसरं, पाणी एका जागी ठेवलेलं नाही. महादरवाजातून वर आलं की हत्ती तलाव, राजवाड्याला खेटून गंगासागर, होळीच्या माळाच्या अंगाला उतारावर कुशावर्त, पलीकडे कोळींब, भवानी टोकाकडे बारा टाकी. एक आटलं किंवा नासलं तरी दुसरं आहे.

तिसरं, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, हे सूत्रच सांगितलंय. आधी उदक पाहून मग किल्ला बांधावा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून साठवणीची टाकी हवीतच. तोफेनं झरा आटतो की नाही, यावर भूगर्भवाले भांडतील. खर्च वाढतो, यावर कोणी भांडणार नाही.

राणीवशातले शौचकूप आणि सांडपाण्याच्या वाटा राहिल्या. त्यावर वेगळं व्याख्यान द्यायला मी तयार आहे, अध्यक्षांनी मान हलवली तर.

तर जाल तेव्हा समाधीपाशी परत फिरू नका. तसंच पुढे भवानी टोकाच्या वाटेला लागा, बारा टाकी लागतील. पावसाळा संपता संपता जा, टाकी भरलेली असतात. कडेला शेवाळ असतं, बूट चांगले घाला. आणि गाइडला आधीच सांगून ठेवा, की आम्हाला घोडा नको.