फरिना : पावसाच्या रेघेपलीकडचं गाव

नमस्कार मंडळी. १८६५ साली एका सरकारी सर्वेक्षकानं नकाशावर एक रेघ ओढली आणि बजावलं, हिच्या उत्तरेला पेरू नका. आजचं गाव त्या रेघेच्या उत्तरेला दोनशेहून जास्त किलोमीटरवर वसवलं गेलं. तेही गव्हासाठी!

गाव फरिना. दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडपासून साधारण साडेसहाशे किलोमीटर. आणि सर्वेक्षक जॉर्ज गॉयडर. भर दुष्काळात घोड्यावरून हिंडून त्यांनी झाडोरा वाचला. मॅली नावाची बुटकी निलगिरी कुठे संपते, खारट मातीतली झुडपं कुठे सुरू होतात, तिथून रेघ गेली. खाली शेती, वर फक्त मेंढ्या.

मग काही वर्षं पाऊस बरा झाला. लोक म्हणू लागले, नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो. १८७४ मध्ये सरकारनं ती मर्यादाच उठवली. मला राग येतो तो इथे. जमीन मिळतेय म्हटल्यावर शेतकरी जाणारच हो! पण गॉयडरचा नकाशा ज्यांच्या हाताशी होता, त्यांनीच या जमिनी विकायला काढल्या.

१८७८ मध्ये फरिनाची आखणी झाली. पाऊस वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्याही आत. १८८० च्या सुमारास दुष्काळ पडला आणि गव्हाची आशा संपली.

गाव तगलं ते रेल्वेमुळे. १८८२ मध्ये रूळ आले. हॉटेलं, बँक, शाळा, लोहारांच्या भट्ट्या. ऐन भरात वस्ती सहाशेच्या आसपास. रुळांपलीकडे माल जायचा उंटांवर, आणि इथे आपल्याकडचा एक धागा आहे. १८६६ मध्ये ॲडलेडचे व्यापारी थॉमस एल्डर यांनी शंभरावर उंट आणि उंटवाले जहाजानं आणले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. सगळ्या उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते. फरिनाच्या दफनभूमीत उंटवाल्यांच्या कबरी आहेत.

१८८४ मध्ये रेल्वे पुढे उत्तरेच्या मारी गावापर्यंत गेली, शेवटचं स्थानक फरिना राहिलं नाही आणि गाव ओसरत गेलं. १९८० च्या दशकात तो मार्गही बंद पडला.

आता स्वयंसेवक दर हिवाळ्यात तिथे जमतात, पडक्या भिंती सावरतात. जमिनीखालची जुनी बेकरी त्यांनी पुन्हा पेटवली आहे. तिथल्या पावाचे पैसे दुरुस्तीला जातात. त्या बाजूला गेलात तर पाव जरूर घ्या. आणि दफनभूमीतही जाऊन या.