रक्त येतं तिथंच ब्रश फिरवा
(महिला बचत गटांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मघाशी मी विचारलं, ब्रश करताना कुणाच्या हिरडीतून रक्त येतं? आधी दोनच हात वर झाले, मग शेजारणीचा बघून निम्म्या सभेचे. रक्त आलं की काय करता, तर बहुतेकींचं उत्तर एकच: "तिथं ब्रश लावत नाही." आज मला मुख्यतः या उत्तराशीच भांडायचंय.

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ना, तो जिवाणूंचा थर. हिरडीच्या कडेला तो साचून राहिला की हिरडी सुजते, लाल होते. अशा हिरडीला ब्रश नुसता लागला तरी रक्त येतं. म्हणजे ब्रश तिथं नीट पोचत नाही, म्हणून रक्त येतंय. आपण ती जागा सोडून देतो आणि थर आणखी वाढतो. त्याच जागी मऊ ब्रश रोज दोन वेळा, हलक्या हातानं फिरवा. सुरुवातीला रक्त दिसेल, घाबरू नका. बहुतेकींचं आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर मात्र दाखवायला या. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, म्हणून त्या दिवसांत तर ब्रश मुळीच सोडायचा नाही. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्या. हिरडी बिघडली की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, आणि शुगर वाढली की हिरडी बिघडते.

हा थर काढला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसून तो दगडासारखा होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. घरी आरशात बघा, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. कीटण बहुधा तिथं आधी धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली, त्या दातांच्या मागंच उघडतात. एकदा घट्ट झालेलं कीटण ब्रशनं निघत नाही, आणि सुईनं, पिननं कोरायला तर अजिबात जाऊ नका.

"पण मॅडम, दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात." हे मला रोज ऐकायला मिळतं! अहो, दातांना धरून ठेवणारं हाड आधीच झिजलेलं असतं. कीटणाचा खडा दोन दातांच्या मधे पाचरीसारखा अडकून त्यांना धरून असतो. तो काढला की जे आधीपासून हलत होतं ते कळतं. फटी दिसतात, थंड पाणी थोडे दिवस झिणझिणतं. दोष साफ करण्याचा नाही, उशिरा येण्याचा.

आता ब्रश. आडवा करवतीसारखा चालवू नका, त्यानं हिरडीजवळ दात झिजतो. दात आणि हिरडी जिथं भेटतात तिथं तिरका टेकवा आणि दोन-दोन दात घेत लहान गोल फिरवा. दोन मिनिटं लागतात, घाई चालणार नाही. रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा, झोपेत लाळ कमी होते म्हणून. पेस्ट फ्लोराइडची, म्हणजे दात किडण्यापासून वाचवणारा क्षार असलेली घ्या आणि नुसती थुंका, पेलाभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या तर फ्लोराइड धुऊन जातं. तीन वर्षांच्या आतल्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे.

आता मिश्री. मावशी, मान खाली घालू नका, मी कुणाचं नाव घेणार नाही. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच ती, भाजल्यानं तंबाखूपण जात नाही. "मिश्री लावल्याशिवाय परसाकडं होत नाही" म्हणता ते खरंही आहे, निकोटिनमुळं आतडी हलतात. पण याचा अर्थ सवय लागली आहे, दात स्वच्छ होताहेत असा नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं 1992 सालीच बंदी घातली. घरी भाजलेल्या मिश्रीला ती कोण लावणार? जिथं ती रोज लावता तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. मिश्री एकदम सुटत नसेल तर सरकारची 1800-11-2356 ही मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, तिथं बोला.

टेबलावर टॉर्च आणि आरसा ठेवलाय. ज्यांना बघायचंय त्यांनी रांगेत या, मिश्रीवाल्या आधी.