विकेट कपिलची, दानधर्म विशीचा

नमस्कार श्रोतेहो.

२०२५ च्या जुलैत आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्या आठवड्यात निम्म्या नागपुरातल्या पोरांच्या हातचे मोबाईल जाऊन समोर पट आले. "बघ, एकोणीस वर्षांची आहे ती! आणि तू?" आमच्या शेजारचा चौथीतला मुलगा अगदी रडकुंडीला आला होता. त्या बिचाऱ्याला घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक. पुढे त्या पटाचं काय झालं ते मी सांगायला नको. तुमच्याही घरी कपाटावर असेलच एखादा.

मला आज विषय दिलाय तो असा, की मुलांनी खेळाडूंना आदर्श मानावं का, मैदानावर आणि मैदानाबाहेरही. मानावं की! नाही मानलं तरी ती मानतातच. केस कसे कापायचे, बॅटवर कुठलं स्टिकर लावायचं, विकेट पडल्यावर तोंडातून काय काढायचं, सगळं तिथूनच येतं. आपण मोठी माणसं मात्र त्यांना फक्त पदक दाखवतो. आता पदक मिळतं एकाला. बाकीच्या पोरांनी त्याचं करायचं काय?

दिव्याचंच घ्या. अंतिम लढतीत समोर कोनेरू हम्पी होती. दिव्याचा जन्म झाला तेव्हा हम्पी ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातला सर्वात मोठा किताब, मिळवून बसलेली होती. तिला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जादा डावांत, हरवलं आणि त्या विजयासरशी दिव्या स्वतः ग्रँडमास्टर झाली, देशातली ८८ वी. मोठीच गोष्ट आहे. पण मी पोरींना सांगेन ती तिची दुसरी गोष्ट, दीड वर्ष आधीची. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधली स्पर्धा आटोपून आल्यावर तिनं उघडपणे लिहिलं, की बाई पटावर बसली की बघणारे तिचे कपडे बघतात, केस बघतात, बोलायची ढब बघतात, चाली सोडून सगळं बघतात. अठरा वर्षांची मुलगी हे बोलली. पुढे स्पर्धा खेळायच्या होत्या, लोकांच्या तोंडी लागायची काही गरज नव्हती. गप्प बसली असती तर कुणी विचारलंही नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. खेळाडूनं स्वतःचं नुकसान सोसून काय केलं, ते मुलांना सांगा. पुन्हा म्हणतो, नुकसान सोसून. जिंकून काय मिळवलं ते वर्तमानपत्र सांगतंच.

आणि आता मी माझी गोष्ट सांगणार. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे. मी घसा खाकरला की सुना उठून चहा टाकायला जातात. तुम्ही मात्र रेडिओ लावून बसला आहात.

१९८० चा फेब्रुवारी. क्रिकेट बोर्डाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईत वानखेडेवर इंग्लंडबरोबर एकच कसोटी ठेवली होती. सामना सुरू झाला शुक्रवारी, १५ तारखेला, आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टी! कारण काय, तर शनिवारी १६ तारखेला सूर्यग्रहण होतं. हो, ग्रहणासाठी कसोटी थांबवली होती. आम्ही तेव्हा नागपूरच्या महाल भागात राहायचो, वाड्यात. आमच्या आजीला क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण त्या दिवशी क्रिकेटबद्दल तिचं मत एकदम सुधारलं. "शहाणी माणसं दिसतात," म्हणाली, आणि दुधात, लोणच्यात तुळशीची पानं टाकत फिरली.

रविवारी खेळ पुन्हा सुरू झाला. घरी गोळाभात केला होता. माझे धाकटे काका ताट मांडीवर घेऊन रेडिओला कान लावून बसले होते, भातावरच्या फोडणीचं तेल धोतरावर ओघळतंय याचीही शुद्ध नव्हती. आपल्या झाल्या होत्या २४२ धावा. इंग्लंड ५ बाद ५८. पुन्हा सांगतो, ५ बाद ५८. काकांनी जाहीर करून टाकलं होतं, "चहापर्यंत गुंडाळतात पहा." खेळत होते इयान बोथम आणि त्यांचा यष्टिरक्षक बॉब टेलर.

कपिल देवचा एक चेंडू टेलरच्या बॅटीजवळून गेला आणि मागे आपला यष्टिरक्षक किरमाणीच्या हातात. अपील झालं. पंच हनुमंत राव यांनी बोट वर केलं. आउट! काकांनी उजव्या, खरकट्या हातानं मांडीवर थाप मारली.

टेलर घुटमळला. यष्टिरक्षकाच्या शेजारी, पहिल्या स्लिपमध्ये उभा होता आपला कर्णधार, गुंडाप्पा विश्वनाथ, सगळ्यांचा विशी. त्याला अगदी जवळून दिसलं होतं की चेंडू बॅटीला लागलेला नाही. तो पंचांकडे चालत गेला आणि म्हणाला, निर्णय मागे घ्या. आणि टेलरला परत बोलावलं.

रेडिओवर मागे जाऊन ऐकता येत नाही, म्हणून मी परत सांगतो. पंचांनी आउट दिलंय. नियम आपल्या बाजूनं आहे. समोरच्या संघाचा निम्मा डाव कोसळलाय. आणि आपलाच कर्णधार म्हणतो, नाही, तो आउट नाही, त्याला खेळू द्या.

आमच्या ओसरीवर कुणाला काही कळेना. काका ओरडले, "अबे, काय करून राहिला हा माणूस? वापस बोलावलं?" शेजारचे सावकाश बोलणारे मास्तर होते, ते म्हणाले, "लागला नसेल चेंडू." काका म्हणाले, "मग काय झालं? अंपायरला पगार कशाचा देतात?"

पुढचं ऐका. त्या टेलरनं ४३ धावा केल्या. बोथमनं शतक ठोकलं, ११४. दोघांनी मिळून सहाव्या विकेटसाठी १७१ धावा जोडल्या. इंग्लंड २९६ वर पोचलं. आपला दुसरा डाव १४९ मध्ये आटोपला. बोथमनं सामन्यात १३ बळी घेतले, आणि ज्याला आपण परत बोलावलं त्या टेलरनं यष्टींमागे दहा झेल घेतले. दहा! इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं, तेही एक दिवस शिल्लक ठेवून.

आणि विशी? त्याला कप्तानी मिळाली होती ती गावसकर बाजूला झाले म्हणून. त्याआधी कलकत्त्याला पाकिस्तानविरुद्ध एक कसोटी अनिर्णित, आणि ही दुसरी. तिसरी कधी आलीच नाही. त्याच्या नावापुढे कर्णधार म्हणून दोनच सामने आहेत, त्यातली एक हार, आणि त्या हारीच्या मुळाशी त्यानं आपण होऊन दिलेलं जीवदान.

काकांनी विशीला जन्मभर माफ केलं नाही. पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. ते म्हणायचे, "विकेट कुणाची होती? कपिलची. घाम कुणी गाळला? कपिलनं. दानधर्म कुणी केला? विशीनं! दुसऱ्याच्या खिशातून काढून देणं सोपं असते." ही गोष्ट घरात निघाली की आजी मध्येच म्हणायची, "गावसकरांचा जावई आहे ना तो? जावयाला नावं ठेवू नये." सुनील गावसकरांची बहीण विश्वनाथला दिलेली, एवढंच आजीला क्रिकेटमधलं माहीत, आणि तेवढ्यावर ती काकांना गप्प बसवायची.

मी काकांना उत्तर द्यायचा प्रयत्न करत आलो आहे. कपिलची एक विकेट गेली, मान्य. पण सामना हरल्याचा शिक्का कपिलवर बसला नाही, विशीवर बसला. काकांना हे कधी पटलं नाही. २०११ मध्ये नॉटिंगहॅमला इयान बेल चहापानाच्या वेळी धावचीत झाला आणि धोनीनं अपील मागे घेऊन त्याला परत खेळायला बोलावलं, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या काकांचा मला फोन. "पाहिलं का? पुन्हा तेच! शिकत नाहीत लोकं." आणि आपण तोही सामना सणसणीत हरलो, ३१९ धावांनी. धोनीला त्यासाठी आयसीसीचा पुरस्कार मिळाला. काका म्हणाले, "पुरस्काराच्या धावा धरतात का?"

पण आमच्या गल्लीत काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर आम्हा पोरांच्या खेळात एक नवा नियम आला. आउटवरून भांडण झालं की फलंदाज 'विशी' मागायचा. म्हणजे यष्टींच्या सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या पोरानं, तो विरुद्ध संघाचा असला तरी, खरं काय ते सांगायचं, आणि मग कुणी बोलायचं नाही. चालला का हा नियम? अर्धाच. जवळ उभा असलेला फलंदाजाचा मावसभाऊ निघाला की सगळं मुसळ केरात. पण अर्धा तरी चालला. कुठल्या शाळेत आम्हाला हे शिकवलं नव्हतं, बक्षीस नव्हतं, आणि ज्यानं शिकवलं तो तर हरला होता.

मैदानाबाहेरचं आता थोडक्यात सांगतो, कारण घड्याळ माझ्या काकांसारखंच आहे, कुणाचं ऐकत नाही. २००१ मध्ये पुलेला गोपीचंद बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकला. प्रकाश पदुकोणनंतर एकवीस वर्षांनी. शीतपेयाच्या जाहिरातीचे पैसे समोर आले, त्यानं नाही म्हटलं, मी स्वतः पीत नाही तर पोरांना प्या कसं सांगू? पुढे अकादमी काढताना याच माणसानं घर गहाण टाकलं. म्हणजे पैसे उतू चालले होते म्हणून नाकारले, असं नव्हे. सचिन तेंडुलकरनं वडिलांना शब्द दिला होता म्हणून तंबाखू आणि दारूच्या जाहिराती केल्या नाहीत.

आणि इथे मी थोडा रस्ता सोडतो, संपादकांनी माफ करावं. हे गाव खर्ऱ्याचं आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर पन्नीत खर्रा घोटणं चालू असतं, आणि सुपारी-तंबाखूचा तो गोळा गालात धरून मुलं नेट्सवर येतात. मी डोळ्यांनी पाहिलंय, धाव पूर्ण करून पिचच्या कडेला पिचकारी. त्यातच टीव्हीवर एकेकाळचे मोठमोठे खेळाडू वेलचीच्या नावाखाली ज्या पुड्या विकतात, त्या पुड्यांवरचं नाव पोरं कशासाठी ओळखतात हे त्यांना ठाऊक नाही का? २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. बंदीनं काय होतं ते आपण पानठेल्यावर बघतोच. एका आवडत्या खेळाडूनं नाही म्हटलं तर पोरगं निदान एकदा थबकतं. असो.

राहुल द्रविडचं एक सांगतो. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील संघानं विश्वचषक जिंकला. बोर्डानं प्रशिक्षक द्रविडला ५० लाख आणि बाकी सहायकांना २० लाख जाहीर केले. द्रविड म्हणाला, सगळ्यांना सारखे द्या. मग सगळ्यांना २५ लाख झाले, म्हणजे त्याचे निम्मे गेले. लक्षात घ्या, जिंकलेल्या माणसाचंही नुकसान होऊ शकतं, त्यानं ठरवलं तर. त्याच वर्षी महिन्याभरात केपटाउनला ऑस्ट्रेलियाचे तिघं, कर्णधारासकट, चेंडू सँडपेपरनं घासायच्या प्रकरणात सापडले. एकाच खेळातले, एकाच वर्षातले दोन्ही प्रकार मुलांना सांगावेत. लपवू नयेत. आपला लाडका खेळाडू चुकला की आपण त्याची वकिली करत बसतो, आणि पोरगं शेजारी बसून ती वकिली शिकतं. खेळाडू देव नसतो. त्याचं एखादं वागणं उचलावं, बाकीचं त्याच्यापाशी राहू द्यावं.

रविवारी सकाळी रेशीमबागच्या मैदानावर चक्कर मारा. मुलांच्या मॅचपेक्षा बापांची मॅच बघण्यासारखी असते. दहा वर्षांचं पोर आउट झालंय, त्याला स्वतःला माहीत आहे, बॅट काखेत घेऊन निघालंय, आणि बाहेरून वडील ओरडतात, "उभा राहा! अंपायरनं दिलं नाही ना अजून?" पोरगं वळून आधी पंचांकडे बघत नाही, वडिलांकडे बघतं. ते पंच बहुधा कुठल्या तरी शाळेतले खेळाचे शिक्षक असतात, उन्हात उभे, आणि त्यांना ऐकू जाईल अशा शिव्या देणारे हे सुशिक्षित लोक सोमवारी कचेरीत मुलाच्या खिलाडूवृत्तीच्या गप्पा मारतात.

बॅडमिंटन खेळणाऱ्या मालविका बनसोडबद्दलही बोलायचं होतं. ती आपल्याच गावची. ज्या सायना नेहवालला बघत ती मोठी झाली, तिलाच २०२२ च्या जानेवारीत इंडिया ओपनमध्ये हरवून आली, त्या सामन्याबद्दल आणि तिच्या शिक्षणाबद्दल. धनुर्धर ओजस देवतळेनं बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० कसे मारले तेही सांगायचं होतं. पण माझी वेळ विशीनं खाल्ली, दरवेळी खातो. ते दोघं पुढच्या खेपेला, आणि तेव्हा मी ग्रहणाचं नाव काढणार नाही, असं घरी कबूल करून आलोय.

नमस्कार.