बसथांबा हवाय? आधी सही कोणाची ते शोधा

नमस्कार मंडळी! आज पुण्याबद्दल बोलू. आमदार आपले मामा नाहीत, महापौरांकडे वशिला नाही, तरी रोजच्या प्रवासात काहीतरी बदलायचंय. जमतं का? जमतं. फक्त मोर्चाने कमी आणि कागद कच्चा असताना गाठल्याने जास्त.

पहिला घोळ म्हणजे दार कोणाचं ठोठवायचं? फुटपाथ महापालिकेचा, मेट्रो महामेट्रोची आणि शहरातल्या बस चालवणारी पीएमपी ही तर चक्क कंपनी! तिच्यात पुणे महापालिकेचा हिस्सा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. त्यामुळे गाड्या वाढवा म्हणून डेपोत जाऊन भांडलात, तर डेपो मॅनेजर बिचारा मान डोलावणार. तूट भरून काढणारे पैसे महापालिकांच्या अंदाजपत्रकातून येतात, तेव्हा नजर तिकडे हवी.

आणि अंदाजपत्रकाची बातमी पेपरात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. त्याचे अर्ज भर पावसाळ्यात, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला, क्षेत्रीय कार्यालयात घेतात. कामं छोटीच असतात: फुटपाथ, थांबा, दिवे. अर्जात ‘फुटपाथ सुधारावा’ एवढंच लिहिलंत तर तो गेलाच समजा. कुठल्या चौकापासून कुठल्या शाळेपर्यंत, कुठली बाजू, मध्ये विजेचा डीपी बॉक्स आडवा येतोय की टपरी, सगळं लिहा. फोटो जोडा. ज्युनियर इंजिनियरला वाचून थेट एस्टिमेट करता आलं पाहिजे.

मोठ्या रस्त्यांचं काय? ते विकास आराखड्यात ठरतं, आणि कायद्याने त्यावर हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या! पण माझं मत विचाराल तर एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्सपेक्षा सर्व्हे नंबर घालून लिहिलेली एक हरकत भारी. मुंबईत २०३४ च्या आराखड्याचा मसुदा एप्रिल २०१५ मध्ये सरकारला रद्द करावा लागला, कारण लोकांनी नकाशावर बोट ठेवून चुका दाखवल्या.

आता माझा आवडता मार्ग. नवं काही मागूच नका, साहेबांनी आधीच मंजूर केलेलं मागा. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे. ‘फुटपाथ रुंद करा’ला नाही म्हणणं सोपं असतं, ‘तुमच्याच धोरणात हे लिहिलंय, या कामाच्या ड्रॉइंगमध्ये का नाही?’ याला लेखी उत्तर देणं अवघड. दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद होतो, तो पादचारी दिनही पालिकेचाच. एक दिवसाचं कौतुक म्हणून नाकं मुरडा हवं तर, पण अर्जात त्याचा हवाला जरूर द्या.

सगळं होत नाही, हेही सांगतो. रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याचं पार्किंग धोरण २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मंजूर केलं, तेही छाटून पाच रस्त्यांपुरतं. आणि त्या पाच रस्त्यांवरही ते वर्षानुवर्षं हललं नाही. गाडीवाल्या मतदाराच्या खिशाला हात घालणारी मागणी चार माणसांच्या गटाने पहिल्याच वर्षी घेऊ नये.

सुरुवात कुठून करायची? राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार महापालिकांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ कागदपत्रं बघता येतात. पथ विभागात जा, तुमच्या रस्त्याची वर्क ऑर्डर आणि ड्रॉइंग मागा. आणि एकटे जाऊ नका, सोबत कोणीतरी सिव्हिलवाला असू द्या.